पिवळा ठिपका

पुण्याहून संगमनेरकडे येताना चंदनापुरी घाट उतरत होतो. वळणाच्या अलीकडे ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खालून पायाला ठोके देऊ लागलं. एका लयीत, ठक् ठक् ठक्. गाडी हळू झाली तसे ठोकेही हळू झाले. स्टेअरिंग हातात थरथरत होतं. मागच्या सीटवर झोपलेली आई जागी झाली आणि म्हणाली, "रस्ता खराब आहे का रे?" रस्ता गुळगुळीत होता.

पुढच्या चाकांच्या दोन्ही डिस्क तीन महिन्यांपूर्वीच नव्या टाकल्या होत्या. जिथे टाकल्या तिथे परत गेलो, तर "डिस्क वाकली, नवीन टाका" एवढंच उत्तर मिळालं. दोन सेंटीमीटर जाडीची बिडाची तबकडी तीन महिन्यांत वाकते कशी, हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात संपादकांचा निरोप आला. यंदाच्या अंकाचा विषय : सांधा.

बेलापूरला आमच्या नात्यातले एक काका आहेत. ऊस लावतात, दोन ट्रॉल्या आहेत. फोनवर त्यांना घाटातली गोष्ट सांगितली, अंकाचा विषयही. ते म्हणाले, "गाडी घेऊनच ये. आमचा मिस्त्री चाकावर हात ठेवून सांगतो काय झालंय ते. आणि सांध्यावरच लिहायचं असेल, तर पोळ्याच्या आधी ये. हंगामापूर्वी सगळ्यांची चाकं उघडलेली असतात."

मी गेलो.

चाकांचा मुलूख

प्रवरा भंडारदऱ्याहून खाली उतरते आणि अकोले, संगमनेर, कोल्हार करत बेलापूरला येते. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. कालव्यांच्या पाण्यावर बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. त्याच्या कितीतरी आधी, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली होती. तिचं इथलं स्थानक गावापासून दूर पडलं, तरी नाव बेलापूरचंच लागलं. त्या स्थानकाभोवती जी वस्ती वाढली, ती आजचं श्रीरामपूर. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना होता. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचं गाळप १९५० च्या हंगामात सुरू झालं.

ऊस आला तशी तो वाहणारी चाकं आली. आधी लाकडी चाकांच्या बैलगाड्या, मग रबरी टायरच्या, मग ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या. तोडणी मजुरांच्या टोळ्यांची नावंही वाहतुकीवरूनच पडली. बैलगाडीवाल्यांचं गाडी सेंटर, रबरी चाकाच्या गाडीवाल्यांचं टायर सेंटर आणि मोळ्या डोक्यावरून नेऊन ट्रक भरणाऱ्यांचं डोकी सेंटर. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. वाळतो, वजनात घटतो, उतारा कमी होतो. ऐन गाळपात एक चाक बसलं की अख्खी टोळी बसते.

म्हणून पावसाळ्याच्या शेवटी इथल्या गॅरेजांसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. काकांनी नेलं ते गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, समोर कडुनिंब. एका ट्रॉलीची दोन्ही चाकं काढून ती विटांच्या थरावर टेकवलेली होती. जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर हब, बेरिंगं, नट, वॉशर ओळीनं मांडले होते. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे. मिस्त्री साठीच्या आसपासचे. हाताखाली आयटीआय झालेला एक तरुण. तो त्यांना वस्ताद म्हणत होता.

मिस्त्रींनी गाडीची चावी मागितली आणि मला शेजारी बसवून कोल्हारच्या रस्त्याला लागले. रेडिओ बंद, काचा खाली. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी सावकाश डावीकडे, मग उजवीकडे झुकवली. डावीकडे वळताना जमिनीतून आल्यासारखी एक घरघर वाढली, उजवीकडे वळताना विरली. "ऐकलं का? डावीकडं वळली की गाडीचा भार उजव्या चाकावर जातो. भार आला की ते ओरडतं. उजवं बेरिंग गेलंय." मग एकदा ब्रेक दाबला, ठोके पायानं मोजल्यासारखे घेतले आणि म्हणाले, "तुमच्या दोन तक्रारी आहेत. तुम्ही एकच सांगितली."

फिरणारं आणि थांबलेलं

गाडी घोडीवर चढली, उजवं चाक निघालं. मिस्त्रींनी बोट ठेवत ठेवत जे दाखवलं, ते असं.

चाकाच्या मागे दोन गोष्टी असतात. एक, जी गाडीशी जखडलेली आहे आणि कधीच फिरत नाही. तिला नकल म्हणतात. स्टेअरिंगनं वळते ती हीच आणि ब्रेकचा कॅलिपर हिच्यावरच बसतो. दुसरी, जी चाकाबरोबर अखंड फिरते, ती हब. हबच्या तोंडावर सपाट, गोल चकती असते, तिच्यातून चाकाचे स्टड बाहेर आलेले असतात. या स्टडांवर आधी ब्रेकची डिस्क सरकते, तिच्यावर चाकाची रिम बसते आणि शेवटी नट आवळले की हब, डिस्क आणि रिम असा तिघांचा एकच गठ्ठा होतो. हा फिरता गठ्ठा आणि ती थांबलेली नकल यांच्यामध्ये बेरिंग. गाडीचं वजन, खड्ड्याचा धक्का, वळणाची ओढ, सगळं त्याच्या आतल्या छर्‍यांवरून पार होतं.

साधारण कारच्या चाकाचा घेर पावणेदोन-एक मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटरनं जाताना चाक सेकंदाला सुमारे साडेनऊ फेरे घेतं. तेवढ्यात ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. हजार किलोच्या गाडीत त्या वेळी जी ऊर्जा साठलेली असते, तिच्यावर चारशे मिलीलिटर साधं पाणी उकळीला येईल. ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते आणि गाडी पुढे झुकत असल्यानं निम्म्याहून पुष्कळ अधिक वाटा पुढच्या चाकांना उचलावा लागतो.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ती जगाच्या डोळ्यांत भरली मात्र १९५३ मध्ये, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आज साध्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकालाही चकचकीत डिस्क दिसते. ती दिसते म्हणून आपण तिच्याकडे पाहतो. ती ज्यावर टेकते ते तोंड झाकलेलं असतं, म्हणून कुणी पाहत नाही.

झाकलं जाणारं तोंड

मिस्त्रींनी कॅलिपर सोडला आणि तारेच्या आकड्यानं स्प्रिंगला टांगला. "नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. तिच्या आत इजा होते, बाहेरून दिसत नाही." मग डिस्क ओढली. ती येईना. तिच्या अंगावर दोन आटेवाली भोकं होती. त्यांत बोल्ट घालून थोडं थोडं आवळलं, तशी ती हबवरून उचलून निघाली. तीन महिन्यांचीच डिस्क, पण हबच्या तोंडावर जुन्या गंजाची खपली जशीच्या तशी होती. स्टडांच्या बुडाशी तपकिरी कडी साचलेली. एका बाजूला गंजाचा एक पोपडा डिस्कखाली दाबून चपटा झाला होता.

"हे बघा, ही तुमची वाकलेली डिस्क."

त्यांनी तो पोपडा नखावर घेतला. कागदाएवढा पातळ. शेडमधल्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशेब मांडला. हबचं तोंड साधारण तेरा सेंटीमीटर रुंद, डिस्क जवळपास पंचवीस. तोंडाच्या कडेला ०.०५ मिलिमीटरचा कण अडकला, तर डिस्क तेवढ्या अंशानं तिरकी बसते आणि तिच्या बाहेरच्या कडेला तो फरक दुपटीच्या घरात, ०.१ मिलिमीटरजवळ जातो. बहुतेक गाड्यांत डिस्कची चालेल अशी डगमग ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. म्हणजे एका पोपड्यात सगळी सवलत संपली.

तिरकी बसलेली डिस्क पहिल्या दिवशी काही बोलत नाही. ब्रेक दाबलेला नसतानाही तिची कड प्रत्येक फेऱ्याला पॅडला त्याच जागी हलकेच घासून जाते. काही हजार किलोमीटरांत ती जागा बाकीपेक्षा किंचित पातळ होते. मग ब्रेक दाबला की जाड-पातळ भाग पॅडखालून आळीपाळीनं जातात, कॅलिपरचा दट्ट्या मागे-पुढे ढकलला जातो आणि ब्रेक ऑइलमधून तो ठोका थेट पेडलवर येतो. घाटात माझ्या पायाला लागलेला ठोका हा होता. तापून वाकणं क्वचित घडतं. बहुतेक वेळा चूक बसवण्याच्या दिवशी झालेली असते आणि कळते तेव्हा तिचं नाव डिस्कला लागतं.

यात एक गोष्ट मला नव्यानं कळली. मला वाटायचं, ब्रेकचा सगळा जोर स्टड पेलतात. मिस्त्रींनी डिस्कची भोकं दाखवली. ती स्टडांपेक्षा सैल होती. डिस्क मध्यावर धरून ठेवतो तो हबचा मधला उंचवटा. ब्रेकचा पीळ पेलतं ते, नटांनी आवळून एकमेकांवर दाबलेल्या सपाट तोंडांमधलं घर्षण. मध्ये गंज, रंग किंवा ग्रीसचा थर असला, तर तो हळूहळू चेपतो आणि आवळलेला नटही सैल पडतो. सांधा नटानं धरला जातो हे खरं, पण तो टिकतो त्या दोन तोंडांच्या भेटीवर.

दाबायचं कुठून

आधी बेरिंग, मग डिस्क, असा क्रम. बेरिंगमध्ये खेळ असेल तर त्यावर बसवलेलं काहीही सरळ राहत नाही. नकल उतरवून आम्ही श्रीरामपूरच्या एका वर्कशॉपात हायड्रॉलिक प्रेसवर घेऊन गेलो.

जुना हब प्रेसनं बाहेर आला, पण बेरिंगच्या आतल्या रिंगेचा अर्धा भाग त्याच्या नळीला चिकटून राहिला. कारागिरानं ग्राइंडरनं त्या रिंगेवर तिरका काप घेतला, हबला लागणार नाही इतपतच, आणि छिन्नीचा एक ठोका दिला. रिंग टक्कन फुटली. छर्‍यांची आतली वाट हाताला लागली तेव्हा घरघरीचा उगम सापडला. स्टीलवर तांदळाच्या कणीएवढे खवले उडाले होते.

नवीन बेरिंग बसवताना मिस्त्री त्या तरुणाला विचारत होते, "आता दाब कुठं द्यायचा?"

"बाहेरच्या रिंगेवर, वस्ताद."

"का?"

"ती नकलमध्ये घट्ट बसते म्हणून."

"आणि हब घालताना?"

"आतल्या रिंगेला खालून टेकू."

या दोन उत्तरांत बेरिंगचं आयुष्य आहे. जी रिंग घट्ट बसायची, जोर तिच्यावरच पडला पाहिजे. बाहेरची रिंग बसवताना आतल्या रिंगेवर दाबलं, किंवा घाईत हातोड्यानं ठोकलं, तर तो सगळा जोर छर्‍यांमधून जातो. प्रत्येक छर्रा दोन्ही वाटांवर एक बारीक खळगा उठवतो. बेरिंग त्या दिवशी गुळगुळीत फिरतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि काही महिन्यांनी घरघर सुरू होते. नव्या गाड्यांत आणखी एक काळजी. बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकांचा बारीक पट्टा असतो. तो वाचून गाडीच्या एबीएसला चाक किती वेगानं फिरतंय ते कळतं. ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. उलटं बसवलं, तर सगळं पुन्हा काढायचं.

गाडीवर परत चढवताना मधला मोठा नट टॉर्क पान्यानं आवळला. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला वीस किलो टांगल्यावर पडेल तेवढा पीळ. काही गाड्यांना याहूनही जास्त लागतो. तो नट बेरिंगच्या आतल्या रिंगेचे दोन अर्धे एकमेकांवर दाबून धरतो. तो पुरता आवळल्याशिवाय मिस्त्रींनी गाडीचं वजन चाकावर येऊ दिलं नाही.

तळहातावरचं ग्रीस

दुपारी ट्रॉलीचं काम पुढे सरकलं. तिच्या हबात जुन्या पद्धतीची दोन टेपर बेरिंगं, एक आत, एक बाहेर, एकमेकांकडे तोंड करून. रोलर सरळ नसून निमुळते असतात. त्यामुळे ते वरचा भार आणि आडवी ओढ, दोन्ही घेतात. अमेरिकेत बग्ग्या आणि घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकिन यांनी १८९८ मध्ये याचं पेटंट घेतलं. बैलगाडीच्या मुलखात हे बेरिंग रुळलं, त्यात मला एक ओळखीची गोष्ट वाटली. त्याचा जन्मच जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठी झाला होता.

तरुणानं बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन कोरडं केलं, डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेरिंगची रुंद कड त्यात दाबून खेचू लागला. दुसऱ्या टोकानं रोलरांमधून ग्रीसचे कोंब फुटले की थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. वरून माखलेलं ग्रीस रोलरांपर्यंत पोचत नाही. मग हब आसावर चढला, बाहेरचं बेरिंग, वॉशर, खाचांचा नट. मिस्त्रींनी हब फिरवता फिरवता नट आवळला, तो जड झाला तसा सोडला आणि शेवटी नुसत्या बोटांनी टेकवला. पिन घातली, तिचे पाय वाकवले.

या नटाला बळ चालत नाही. गच्च आवळला तर बेरिंग तापून जळतं. सैल ठेवला तर चाक डुलतं, सील फाटतं, पाणी आणि चिखल आत जातो. बरोबर जागा या दोहोंच्या मध्ये, ०.०२ ते ०.१२ मिलिमीटरच्या खेळात असते. मिस्त्रींनी हब बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून हलवला, मग तरुणाला हलवायला लावला. "कळतंय का?" "जरासं." "तेवढंच पाहिजे."

पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उसाचा सगळा लोट ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. त्या ट्रॅक्टरमागे फडातून कारखान्यापर्यंत, रात्री, कधी दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि वर मोळ्यांवर माणसं झोपलेली असतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्या दिवशी बोटांनी टेकवलेला तो नट पाहिल्यावर ती झोपलेली माणसं पहिल्यांदा डोळ्यांसमोर नीट आली.

धाव

संध्याकाळी काकांनी वाड्यामागची जुनी बैलगाडी दाखवली. पोळ्यासाठी बैलांची शिंगं रंगवायचा रंग आणून ठेवला होता. गाडी मात्र वर्षानुवर्षं जागची हललेली नाही. लाकडी चाकाच्या मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात हात घातला तर अजून वंगणाचा काळा चिकटा लागला.

काकांना धाव चढवण्याचा दिवस आठवतो. मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा गोल रचायचा, त्यात धाव लाल होईपर्यंत तापवायची, सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचं, सगळे सांधे एकदम आवळले जायचे. दीड मीटर व्यासाची धाव पाचशे अंशांनी तापली तर व्यासात नऊ-एक मिलिमीटर वाढते. थंड होताना तेवढीच आक्रसते. खिळा नाही, नट नाही, तरी चाक उन्हातान्हात घट्ट.

मोठी बेरिंगं याच रीतीनं बसतात. पन्नास मिलिमीटर भोकाचं बेरिंग ऐंशी अंशांनी तापवलं की त्याचं भोक जवळपास ०.०५ मिलिमीटरनं वाढतं, ते आसावर अलगद सरकतं आणि निवल्यावर सोडत नाही. माप बदललं, जाळ गेला, तेलाची कढई आली. लोहाराची समज तीच राहिली.

तापल्यावर काय होतं

नगर जिल्ह्याला चाकाचं नातं गावच्या लोहारापुरतं नाही. १९७२ मध्ये बाजारात आलेली, घराघरांत पोचलेली ल्युना ही मोपेड कायनेटिकच्या नगरच्या कारखान्यात बनायची. नगरजवळच्या वाहननगरला संरक्षण संशोधन खात्याची वाहनांसाठीची संस्था, व्हीआरडीई, आहे. लष्करी वाहनांबरोबर बाजारात येणाऱ्या गाड्यांचीही तपासणी तिथल्या चाचणी मार्गांवर होते.

ब्रेकच्या अशा तपासणीत एक पायरी थंड ब्रेकची असते आणि दुसरी तापलेल्या ब्रेकची. वेग घ्यायचा, दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा, असं ठरलेल्या वेळा लागोपाठ करून ब्रेक तापवतात आणि मग तो किती अंतरात गाडी थांबवतो ते मोजतात. कारण घाटात माणसाला तापलेलाच ब्रेक मिळतो. ती उष्णता डिस्कमधून हबमध्ये आणि हबमधून बेरिंगमध्ये उतरते. हलकं ग्रीस पातळ होऊन सीलबाहेर येतं. घाट उतरून धाब्यावर थांबलेले काही चालक वाफाळत्या चाकावर बादलीभर पाणी ओततात. तापलेलं बीड त्यानं तडकतं. धावेवर पाणी ओततात ते तिला आक्रसवण्यासाठी. इथे चाकाला नुसतं निवू द्यायचं असतं.

चाचणी मार्गावर गाडी एकदा पास होते. त्यानंतर तिच्या आयुष्यात चाक जितक्या वेळा उघडेल, तितक्या वेळा ती चाचणी कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये, एका माणसाच्या हातून पुन्हा व्हायची असते.

पाच मिनिटं

जुनी डिस्क जाड-पातळ झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बसवायची होती. तरुणानं हबचं तोंड तारेच्या ब्रशनं घासलं, मग पॉलिश पेपरनं. मिस्त्रींनी तोंडावरून अंगठा फिरवला आणि एका स्टडच्या बुडाशी थांबवला. "इथं." त्यानं पेपरची बारीक गुंडाळी करून तिथली कडी काढली. पुन्हा अंगठा. पुन्हा "इथं". तिसऱ्यांदा मिस्त्री काही बोलले नाहीत. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल धुऊन काढलं. ते राहिलं असतं तर पॅडांनी प्यायलं असतं.

डिस्क चढली, वॉशर घालून सगळे नट आवळले आणि नकलवर डायल गेज टेकवला. डिस्क हातानं सावकाश फिरवली. काटा ०.०६ वर गेला. हे चाललं असतं. तरीही मिस्त्रींनी नट सोडायला सांगितले. डिस्क एका स्टडनं पुढे फिरवून बसवली. ०.०४. आणखी एका स्टडनं पुढे. काटा जेमतेम ०.०२ वर हलला. हबची आणि डिस्कची आपापली किंचित वाकडी बाजू या जागी एकमेकींना सांभाळून घेत होती.

चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं आवळले गेले. ओळीनं गोल गोल जाऊन हवेच्या गननं ठोकले असते तर चाक एका बाजूनं आधी दबलं असतं. "शंभर किलोमीटर चालवा आणि परत एकदा आवळून घ्या," त्यांनी सांगितलं. तोंड घासायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं होतं. पाच मिनिटं. तीन महिन्यांपूर्वी ती कुणीतरी वाचवली होती.

पण चाक चढण्याआधी एक गोष्ट झाली. मिस्त्रींनी फळीवरून पिवळ्या रंगाची लहान डबी काढली. काडी बुडवून एका स्टडच्या टोकावर एक ठिपका दिला आणि त्याच्या शेजारी डिस्कवर दुसरा.

मी विचारलं, हे कशाला?

"पुढं कधी, कुणीतरी, कुठंतरी हे उघडंल. त्याला कळायला नको का, ही अशीच बसवायची म्हणून?"

तरुणानं चाक उचललं, स्टडांवर टेकवलं आणि ढकललं. पिवळा ठिपका रिमखाली झाकला गेला.